विजयानंतरची सकाळ



जुईनगरच्या एका आजोबांनी गेल्या पंधरवड्यात आपली चिंता कळविली. नात अर्थविषयक दैनिकात वार्ताहर आहे. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा स्पर्धेत उतरण्याचे तिने ठरविले आहे. ‘ती नोकरीवर पाणी तर सोडणार नाही ना, या विचाराने झोप लागत नाही,’ असे ते म्हणतात. ही काळजी अनेक घरांतली आहे.

हर्षवर्धन नवाथे हे नाव आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये सर्वप्रथम १ कोटी रुपये जिंकणारा हा मुंबईचा मराठी तरुण तेव्हा २७ वर्षांचा होता व केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत होता. एका रात्रीत नाव देशभर झाले आणि त्या गडबडीत परीक्षा मागे पडली. पुढे त्यांनी परदेशात व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि उद्योगक्षेत्रात स्थिर झाले. ठरविलेली वाट सुटली, तरी आयुष्य मार्गी लागले. आपल्या भीतीला हे उत्तर पुरेसे आहे.

पैशाचे गणित नातीला शिकविण्याची आवश्यकता नाही. अशा बक्षिसावर ३० टक्के प्राप्तिकर, शिवाय उपकर आणि मोठ्या रकमेवर अधिभार लागतो, हे तिला ठाऊक असणारच. घराने मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. राजीनाम्याऐवजी रजा घेता येईल का, हे एकदाच आणि शांतपणे विचारावे. निकालापूर्वी नातेवाइकांत गाजावाजा करू नये. अपेक्षांचे ओझे शेवटी तिच्याच खांद्यावर येते. आणि ती परतल्यावर ‘किती जिंकलीस?’ याआधी ‘जेवलीस का?’ असे विचारावे. हरून आलेल्या मुलीला हा प्रश्न जितका हवा असतो, तितकाच जिंकून आलेल्या मुलीलाही.

आता तुमच्या प्रकृतीविषयी. कार्यक्रम रात्री उशिरा असला, तर जेवणाची आणि औषधांची वेळ पुढे ढकलू नका. विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर मुळीच नाही. तो भाग दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहता येतो. घरातील काळजीवाहकांनी तेवढी सोय करून द्यावी.

एक सावधगिरीही हवी. अशा कार्यक्रमांच्या नावाने ‘तुम्हाला लॉटरी लागली, आधी शुल्क भरा’ असे दूरध्वनी आणि संदेश येतात. नात स्पर्धेत असताना ते खरे वाटण्याचा संभव अधिक. बक्षीस देण्यासाठी आधी पैसे मागणारा भामटाच समजावा. खात्याचा तपशील अथवा ओटीपी कोणासही देऊ नये. फसवणूक झाल्यास संकोच न बाळगता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आजोबा, आज वेळेवर झोपा. उद्या सकाळच्या चहाला तिलाच विचारा, की तयारी कुठवर आली. आणि जुन्या मुंबईविषयीचे दोन प्रश्न तुम्हीच तिला घाला.