माकाचा महिमा आणि संयुगांची यादी

दुधात माकाची भुकटी ढवळून पिणाऱ्या एका विद्वानांनी नुकताच निकाल दिला आहे. पेरू देशातल्या या कंदात मॅकामाइड आहे, मॅकाईन आहे, ग्लुकोसिनोलेट, अल्कलॉइड, स्टेरॉल सगळे काही आहे. म्हणून तो टेस्टोस्टेरॉन वाढवतो, रजोनिवृत्तीचा त्रास घालवतो आणि म्हाताऱ्याला जवान करतो. यादी संपली की लगेच गुण सुरू. मधले काही सिद्ध करावे लागते, याची त्यांना कल्पना नसावी. वाणसामानाची यादी वाचून कुणाचे पोट भरल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

यादीतले पहिलेच नाव घेऊ. ताज्या माकात मॅकामाइड जवळजवळ नसतेच! पेरूतल्या हुनिनच्या पठारावर, सुमारे ४,००० मीटर उंचीवर, शेतकरी काढलेले कंद उघड्यावर वाळत घालतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात. पेशी फुटतात, विकरे मोकळी होतात. ग्लुकोसिनोलेट मोडून बेंझिलअमाइन तयार होते, स्निग्धांशातून मेदाम्ले सुटतात आणि दोन्ही जुळून मॅकामाइड बनते. विद्वान जिला कंदाची उपजत शक्ती म्हणतात, ती बरीचशी वाळवणीची करामत आहे. वाळवण्याची रीत बदलली की मॅकामाइडचे प्रमाणही बदलते. मग हे गृहस्थ नेमक्या कोणत्या डब्याचे गुण गातात?

दुसरे नाव ग्लुकोसिनोलेट. माका मोहरी-मुळ्याच्या कुळातला, आणि आपला अळीव तर थेट त्याच्याच लेपिडियम प्रजातीतला. माकातले प्रमुख बेंझिल ग्लुकोसिनोलेट अळिवातही आहे. बाळंतिणीच्या डब्यातले लाडू पिढ्यान्‌पिढ्या चोरून खाणाऱ्या नवरेमंडळींच्या पौरुषाला त्यामुळे उधाण आल्याची नोंद कुठे आहे? उलट या वर्गातली काही संयुगे थायरॉइडला आयोडीन मिळण्यात अडथळा आणू शकतात. ते मात्र यादीत बसले नाही.

राहिले टेस्टोस्टेरॉन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पेरूमधल्या चाचणीत निरोगी पुरुषांना १२ आठवडे रोज दीड किंवा तीन ग्रॅम माका दिला. कामेच्छा वाढल्याचे त्यांनी सांगितले, टेस्टोस्टेरॉन जागचे हलले नाही. रजोनिवृत्तीवरच्या चाचण्या मोजक्या आणि लहान. स्पॅनिश बखरकारांनी माकाची तारीफ केली हे खरे, पण बखर म्हणजे चाचणी नव्हे.

हा वाद आम्हाला नवा नाही. हरितद्रव्याचा रेणू रक्तातल्या हीमसारखा दिसतो, म्हणून गव्हांकुराच्या रसाने रक्त वाढते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी आम्ही पूर्वी भांडलो आहोत. एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या मध्यभागी लोह, एवढे दाखवले तर आम्हाला परंपराद्रोही ठरवण्यात आले. रस संपला, नोनी आली, आता माका. माल बदलतो, तर्क तोच.

मग माका टाकाऊ आहे का? मुळीच नाही. कडाक्याच्या थंडीने इतर पिके हार मानतात तिथे तो पिकतो. वाळलेल्या कंदात मुख्यतः कर्बोदके, शिवाय सुमारे दहावा हिस्सा प्रथिने असतात. तिथले लोक तो उकडून किंवा लापशी करून खातात. चमचाभर कच्च्या भुकटीचा चमत्कार त्यांचा नव्हे. हार्मोन न हलता इच्छा वाढत असेल, तर मोठ्या चाचण्या व्हायलाच हव्यात. आणि श्रेय द्यायचेच तर वाळवणीची रीत जपणाऱ्या शेतकऱ्याला द्या. त्याला बाजूला सारून माकाच्या अर्कावर २००१ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि पेरूला त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला.

वाचकांना विनंती एवढीच: डबा विकत घेण्यापूर्वी कंद कसा वाळवला, आत मॅकामाइड किती आणि हा दावा किती माणसांवर तपासला, हे विचारा. थायरॉइडचे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उत्तराऐवजी संयुगांची यादीच पुढे आली, तर पैसे खिशातच ठेवा.