तमाशा संपतो, निर्णय राहतो



२०२५ च्या जुलैत विधान परिषदेतली एक चित्रफीत गावोगाव मोबाइलवर फिरली. तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात पत्त्यांचा खेळ खेळत होते, असा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. महिनाअखेर त्यांचे कृषिखाते गेले आणि क्रीडाखाते आले! पारापारावर हशा पिकला.

पुढच्याच महिन्यात, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी होऊन कापूस बाजारात यायच्या वेळीच परदेशी गाठींना दार मोकळे. संसदेचे अधिवेशन चालू होते, तरी काम एका अधिसूचनेवर भागले. अधिसूचनेची चित्रफीत निघत नाही. भावाला फटका मात्र तिचाच बसतो.

जुने पुढारी देव होते असे आम्ही म्हणत नाही. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार लादून आपल्याच मालाला राज्याची वेस बंद करणारे तेच. पण त्यांच्याशी भांडायला मुद्दा तरी असे. त्याच पिढीतल्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसवून तिच्यासाठी पैसा उभा राहिला आणि १९७७ मध्ये कायदा झाला.

आजचे राजकारण मुद्द्यावर नाही, मोजदादीवर चालते. पक्षांतरबंदी कायद्यात पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी आमदारकी वाचे. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजली, आता दोन तृतीयांश जमवावे लागतात. जमवलेले पांगू नयेत म्हणून त्यांना कोंडून ठेवावे लागते. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे फुटलेले आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. दहा दिवस सारे राज्य हॉटेलाच्या दाराकडे डोळे लावून बसले. ते दिवस कोणते? मृग सरून आर्द्रा लागण्याचे, बियाण्याचे, खताचे, पीककर्जाचे. त्याबद्दल कोण बोलले?

तमाशाच्या फडाला निदान तिकीट काढून जाता येते, नको असेल तर घरी राहता येते. या फडाचा खर्च आपल्याच कापसातून आणि ज्वारीतून निघतो.

म्हणून जिल्हा मेळाव्याला येताना एवढे ठरवून या. पुढारी गावात आला तर हार नको, फटाके नकोत. खासदाराला विचारा : आयातशुल्क उठले तेव्हा सभागृहात काय बोललात? तारीख सांगा. आमदाराला विचारा : आमच्या कापूस खरेदीसाठी कोणता प्रश्न मांडला? उत्तर लिहून घ्या आणि मेळाव्यात वाचून दाखवा.

ज्याच्याकडे तारीख नाही, त्याच्या सभेला आपली गर्दी नाही.