'अंधश्रद्धा' नावाची सोय

मेळघाटातली कोरकू बाळंतीण दगावली की आम्ही अमरावती-अकोल्याचे सुशिक्षित 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होतो. भुमका गावातच असतो. धारणीहून अमरावतीचे डफरीन रुग्णालय मात्र घाट ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटर. 2005 च्या जननी सुरक्षा योजनेने ग्रामीण प्रसूतीला 700 रुपये ठरवले. सोबत जाणाऱ्या नवऱ्याची बुडती मजुरी, मागे उरलेल्या पोरांची चूल त्या हिशेबात कुठे आहे? पोटुशी असतानाही ही बाई सोयाबीन सोंगायला आमच्या सपाटीवर उतरते, अर्धपोटी राबते. तिचा रक्तक्षय काही कोरकू संस्कृतीतून आलेला नाही. (आमच्या कवितेने तर तिला 'निसर्गकन्या' करून टाकले, निसर्गकन्येला मजुरी विचारतो कोण!) भुमकाला शिव्या घालण्याआधी सोंगणीचे तिला किती दिले, हे आम्ही एकमेकांना विचारावे.