माल कुठाय, टॅली कुठाय?

सहा हजार तीन कोटी, पासष्ट लाख रुपये. १९ एप्रिल २०२३ ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं राष्ट्रीय क्वांटम मिशनला एवढी रक्कम मंजूर केली. मुदत २०२३-२४ ते २०३०-३१. ही रक्कम कुणाच्या बापाची नाय. साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर कर भरणाऱ्यांची आहे. तिचा हिशेब मागायला फिजिक्सची डिग्री लागत नाही. मी दहावी पास, गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. मी विचारणारच.

आधी माल काय ते बघू. साधा कॉम्प्युटर शून्य नाहीतर एक, एवढंच धरतो. क्युबिट दोन्ही अवस्था एकत्र धरतो. अशा क्युबिटांची नीट जुळणी झाली, तर आजच्या यंत्रांना न झेपणारी काही ठरावीक गणितं सुटतील. पीटर शोरनं १९९४ साली कागदावर दाखवून दिलं, की असं यंत्र भल्या मोठ्या आकड्यांचे अवयव पाडील. बँकांची बरीच कुलुपं त्याच गणिताच्या भरवशावर आहेत. म्हणून सरकारं घाबरली आणि भांडवलवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

पण क्युबिट भलता नाजूक. जरा उष्णता, जरा गोंगाट, की बिघडला. गूगल, आयबीएमचे क्युबिट उणे २७३ अंशांच्या जवळ गोठवून ठेवावे लागतात. गूगलनं डिसेंबर २०२४ मध्ये दाखवलेली विलो चिप १०५ क्युबिटांची. खरं कुलूप फोडायला लागणाऱ्या क्युबिटांचे अंदाज लाखांच्या घरात. म्हणजे जहाज अजून क्षितिजावर, आणि इथं धक्क्यावर मालाचा लिलाव सुरू!

लिलाव कसा चालतो बघा. अमेरिकेची आयनक्यू ऑक्टोबर २०२१ मध्ये शेअरबाजारात उतरली. २०२४ साली तिची कमाई सुमारे ४ कोटी ३१ लाख डॉलर, तोटा ३३ कोटी डॉलरच्या वर. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचा जेन्सन हुआंग बोलला, की खरोखर कामाचं यंत्र यायला पंधरा ते तीस वर्षं लागतील. दुसऱ्या दिवशी आयनक्यू, रिगेटी, डी-वेव्ह ह्यांचे शेअर तिसऱ्या हिश्शाहून जास्त आपटले. मार्चमध्ये त्याच गृहस्थानं ह्या कंपन्यांना मंचावर बोलावलं, मी कसा चुकलो ते सांगा म्हणून. एका माणसाच्या जिभेवर वरखाली होतो त्याला बाजारभाव म्हणायचं की सट्टा?

आता आमच्या धंद्याचंच घ्या. लॉस एंजलिस बंदरात पियर ३०० टर्मिनलवर सॅव्हंटएक्स कंपनीनं डी-वेव्हच्या क्वांटम यंत्राची जोड घेऊन क्रेन-ट्रकांची हालचाल आखली. कुठला कंटेनर आधी, कुठला ट्रक कुठल्या क्रेनखाली. हे दुखणं आम्हांला ठाऊक आहे. एक कंटेनर चुकीचा रचला की ट्रकांची रांग लागते. यंत्राला उगाच शिव्या घालणार नाय. पण क्रेनचा वाचलेला तास कुणाच्या खिशात पडतो? १९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं वळले, मुंबई गोदीतल्या हुकवाल्या टोळ्या आटत गेल्या. बचत मालकाची, आटणं आमचं. नव्या यंत्राच्या वेळी हाच वाटा परत चालणार काय?

कुणी म्हणेल, संशोधनाला उधारी द्यावीच लागते. द्या ना! मला ते पटतं. परदेशी कंपनीच्या दारात यंत्रासाठी हात पसरण्यापेक्षा इथं शिकलेलं बरं. शिवाय क्वांटम म्हणजे नुसता कॉम्प्युटर नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनं मदतीसाठी आठ नव्या कंपन्या निवडल्या. त्यांत पुण्याची क्युप्रयोग अणुघड्याळं करते, आयआयटी मुंबईतली डिमिरा अतिथंड यंत्रांच्या केबली करते. घड्याळ, केबल, सेन्सर हा आज विकता येणारा माल. त्याला पैसा आधी मिळावा.

माझं भांडण आहे ते टॅलीवरून. गोदीत पेटी उतरली की टॅली क्लार्क मोजतो, मग कागदावर सही. अमेरिकेच्या दार्पा संस्थेनं हाच धडा गिरवलाय. २०३३ पर्यंत यंत्राच्या खर्चापेक्षा त्याच्या कामाचं मोल जास्त होईल काय, हे ती कंपन्यांकडून तपासून घेते. पहिल्या टप्प्याला १० लाख डॉलरपर्यंत, त्यात टिकला तर दुसऱ्याला दीड कोटीपर्यंत. ऑस्ट्रेलियात एप्रिल २०२४ मध्ये केंद्र आणि क्वीन्सलँड सरकारांनी सायक्वांटमला ९४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. त्यात अनुदान होतं, कर्ज होतं, आणि शेअरही होते. पैसा दिला, हिस्सा घेतला.

म्हणून दोस्तहो, मागणी साधी ठेवू. टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा हप्ता नको. जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपनीत जनतेचा हिस्सा हवा. आणि ह्या धंद्याला नुसते डॉक्टरेटवाले पुरणार नाहीत; वेल्डर लागणार, निर्वात पंप जोडणारा लागणार, गारठ्याची यंत्रं सांभाळणारा लागणार. आयटीआयच्या पोरांना ते शिकवायची सोय ह्याच पैशातून आत्ता करा. नाहीतर २०३१ उजाडेल, सहा हजार कोटींची पावती फाटलेली असेल, आणि आमची पोरं पवईच्या गेटावर वॉचमन म्हणून उभी राहतील.

तोटा आमच्या नावावर लिहिणार असाल, तर नफ्याच्या वहीतही आमचं नाव पाहिजे.