श्रमदान म्हणता, मग वेठ कशाला म्हणायची?



जुलै आला की वनमहोत्सव येतो. शहरातून गाड्या येतात. एकसारख्या टोप्या घातलेली पोरं उतरतात, खड्ड्यात रोप ठेवतात, फोटो काढतात, जेवून परत जातात. त्यांना स्वयंसेवक म्हणतात. त्या पोरांवर आमचा राग नाय, मनानं चांगली असतात. पण ते खड्डे मे महिन्याच्या उन्हात खणले कोणी? आमच्याच पाड्यांनी. आणि जुलैत आम्ही तिथं का दिसत नाही? तेव्हा आवणी असते, घरचं लहानथोर चिखलात वाकलेलं असतं. तरी साहेब भाषणात सांगतात, स्थानिकांना जंगलाची आस्था नाही!

आणि लावतात काय? गिरीपुष्प नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. त्या बाभळीच्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत. मोह, ऐन, टेंभुर्णी कुठं गेली? २०१९ साली सरकारनं एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं. किती लावली त्याचे फलक रंगवतात. किती जगली त्याचा फलक आम्ही अजून पाहिला नाही.

आता नवी टूम निघाली आहे. जाळरेषा काढायला, रोपांना कुंपण घालायला आठवड्यातून एक दिवस श्रमदानाला या, असा निरोप पाड्यापाड्यावर येतो. मजुरी नाही. ज्यांचे वनहक्काचे दावे पडून आहेत त्यांना बाजूला घेऊन सांगतात, "येत चला, दाव्याचं बघू." ह्याला श्रमदान म्हणायचं? दान माणूस आपल्या मनानं देतो. पोटावर भीती घालून फुकट राबवून घेणं, ह्याला आपले आजे वेठ म्हणायचे. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात वारल्यांनी लाल बावट्याखाली ती वेठ बंद पाडली. ती मागच्या दारानं आत घेणार नाय. कुंपण घालायचं आहे ना? रोजगार हमीत घ्या, मस्टर काढा, दाम द्या.

मग जंगल राखायचं नाही काय? राखायचं! इथं आपल्यातल्याच काही भावांशी आमचं पटत नाही. ते म्हणतात, "फॉरेस्टचं जंगल, जळू दे." असं बोललं की जंगल त्यांचं हे आपणच कबूल करतो. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३ वाचा. गावानं परंपरेनं राखलेलं जंगल राखायचा, वाढवायचा हक्क त्यात लिहिला आहे. कलम ५ नं तो अधिकार ग्रामसभेच्या हातात दिला आहे. संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समितीत सचिव वनखात्याचा, वही त्याच्या पिशवीत. वनहक्काची समिती ग्रामसभा आपल्यातून निवडते, वही आपल्या घरात. फरक एवढाच, पण मोठा आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पण जंगल राखायला त्यांनी कागद यायची वाट पाहिली नव्हती. ओडिशातल्या गावांत ठेंगापाळी चालते. ठेंगा म्हणजे काठी, पाळी म्हणजे आपलीच पाळी. ज्याची राखण झाली तो काठी शेजारच्या दारात ठेवतो. सकाळी काठी दिसली की आज आपण जायचं. हुकूम नाही, साहेब नाही.

आपण हेच करू. येत्या ग्रामसभेत ठराव लिहा, पाळीची यादी वाचून दाखवा. एकट्या बाईच्या घराला दिवसाची पाळी द्या, रात्रीची नको. मोहाखाली पाला जाळू नका, झाडून घ्या, वणवा तिथूनच पसरतो. जाळरेषा मोहाची फुलं गळायच्या आधी काढा. कोण गेलं, काय दिसलं, कोणती मोळी अडवली, सगळं तारखेसह वहीत लिहा आणि दाव्याच्या फायलीला त्याची नक्कल जोडा. श्रमदानाचा निरोप घेऊन कोणी आलं तर लेखी मागा. ठरावाची प्रत तालुक्याच्या कचेरीत द्यायला चार-पाच जण मिळून जा, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.