‘उन्हातल्या रक्ता’ची दंतकथा : सातारा-सांगलीचे प्रौढ धावपटू आणि दमट हवेचा इतिहास (धागा)

साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनचे दिवस जवळ आले की समाजमाध्यमांवर एका जातीचा मजकूर हमखास फिरू लागतो. मागे सह्याद्रीचा कडा, पुढे अनवाणी मावळा, आणि खाली आशय असा की, ज्यांच्या पूर्वजांनी डोंगर पायांखाली घातले त्यांना उष्म्यात धावण्याचा सराव कोणी शिकवावा? रक्तच उन्हातले! हा मजकूर पुढे धाडणारे बहुतेक विशी-पंचविशीतले इतिहासप्रेमी असतात. तो खरा मानून ऑगस्टच्या पहाटे यवतेश्वरचा घाट चढू लागणारे मात्र पुष्कळदा त्यांचे पन्नाशी-साठी ओलांडलेले वडील, काका, मामा असतात. म्हणून या दंतकथेचा समाचार घेणे अगत्याचे आहे. ती शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, हे अनेकांनी सांगितले आहे. ती इतिहासाच्या कसोटीवरही टिकत नाही.

आधी मावळ्यांकडेच पाहू. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निघत आणि पावसाळ्यापूर्वी फौजा छावणीला परतत. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पावसाळाभर दाणावैरण पुरली पाहिजे, ती आताच उधळू नका, हा त्यातील एक मुख्य विषय. यामागे नद्यांचे पूर, चिखल आणि घोड्यांची काळजी होती. घामाचे शास्त्र नव्हते, हे मान्यच आहे. पण ऋतूला न जुमानणे म्हणजे शौर्य, ही समजूत त्या पत्रात शोधूनही सापडत नाही.

पत्रे पोहोचवणारे जासूद जोडीने धाडले जात. पुढे इंग्रजी अमदानीत डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्याने धावत. एकाची थैली दुसरा घेई. पायी धावण्यावर ज्यांचा कारभार चालत होता, त्यांनी माणसाच्या दमाला मर्यादा असते हे गृहीत धरूनच व्यवस्था उभारली होती.

दंतकथेचा दुसरा आधार १९२० सालचा. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यातून अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू धाडण्याची कल्पना पुढे आली, ही हकिकत खरी आहे. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि साताऱ्याचे सदाशिव दातार होते. दोघेही मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक नेमाहून लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. हवा थंड होती, पाऊस होता.

या प्रसंगातून ‘अनवाणी पाय आणि रांगडे रक्त पुरेसे असते’ हा अर्थ काढणारे एक गोष्ट गाळतात. या धावपटूंना थेट शेतातून उचलून अँटवर्पच्या आरंभरेषेवर उभे केलेले नव्हते. आधी पुण्यात निवड झाली, मग इंग्लंडमध्ये सराव झाला. दोराबजींना जे दिसले ते उपजत सामर्थ्य होते, आणि त्याला शिक्षणाची जोड नाही हीच त्यांची खंत होती. नंतरच्या पिढ्यांनी खंत विसरून कौतुक तेवढे पाठ केले.

हीच गत ललिता बाबर यांच्या यशाची. माण तालुक्यातील मोहीची ही धावपटू २०१६ साली रिओच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. त्यापूर्वी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तीन वेळा पहिली होती. लगेच ‘माणदेशाची माती’ हे स्पष्टीकरण तयार! निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखालचा कठोर सराव आणि घरापासून दूर शिबिरांत काढलेली वर्षे, यांचे श्रेय मातीला देऊन टाकणे हा त्या बाईंच्या कष्टांचाच अवमान आहे.

आता मातीचीच गोष्ट निघाली आहे तर माठाकडे वळू. एप्रिलमध्ये दहिवडीत किंवा जतमध्ये पारा चाळिशीकडे झुकला तरी माठातले पाणी गार असते. श्रावणात साताऱ्यात किंवा शिराळ्यात हवा गार असूनही तोच माठ नुसता ओला राहतो, पाणी गार करत नाही. कारण उघड आहे : पाणी झिरपल्याने गारवा येत नाही, ते उडून गेल्याने येतो. माणसाची कातडी हा असाच माठ आहे. दमट हवेत घाम ओघळतो, सदरा भिजतो, पण उष्णता अंगातच राहते.

१९४९ साली साताऱ्यातून वेगळा काढलेला ‘दक्षिण सातारा’ १९६० पासून सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो. या दोन्ही जिल्ह्यांत दोन टोकांची हवा नांदते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर माणदेशात पाचशेच्या आसपास. जतच्या कोरड्या रानात वाढलेल्या धावपटूचे ‘रक्त’ कोणत्या उन्हातले म्हणायचे, आणि कृष्णाकाठच्या उसाच्या फडांमधून पावसाळ्यात धावताना त्याचा उपयोग किती?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन दिले आहे. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत दगडाची धूळ बसावी म्हणून पाणी फवारीत. त्यामुळे खोल खाणीतली हवा उष्णही होई आणि दमटही. १९२० च्या दशकात तेथे मजूर उष्माघाताने मरू लागले. मरणारे गोरे साहेब नव्हते; आफ्रिकेच्या उन्हात जन्मलेले, कष्टांना सरावलेले तरुण होते. १९३० च्या दशकात ड्रिओस्टी या डॉक्टरने नव्या मजुरांची उष्णता सोसण्याची चाचणी सुरू केली आणि त्यांना हळूहळू काम वाढवत सरावून घेण्याची पद्धत रुळली. खाणमालकांना हे शहाणपण दयेपोटी सुचले असे मानण्याचे कारण नाही. मेलेला मजूर सोने काढत नाही. पण ‘उन्हात जन्मला म्हणजे उन्हाला सरावला’ हा समज तेथे, मृतदेहांच्या साक्षीने, कायमचा खोटा ठरला.

सरावाने नेमके काय होते तेही सांगितले पाहिजे. रोज तासभर बेताच्या वेगाने उष्म्यात श्रम केले की दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जाते, त्याच वेगाला नाडी कमी पडते. आणि उष्म्यापासून दूर राहिल्यास काही आठवड्यांत हे सारे ओसरते. जे महिनाभरात ओसरते ते पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून कसे उतरेल?

मोजमापाची रीतही अशाच एका छावणीतून आली. अमेरिकेच्या पॅरिस आयलंड येथे नौदलाच्या पायदळातील नवशिके उन्हाळ्यात कोसळत. १९५० च्या दशकात याग्लू आणि मिनार्ड यांनी त्यासाठी एक निर्देशांक बसवला : ओल्या फडक्याच्या तापमापीला ७० टक्के वजन, उन्हाच्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या तापमापीला अवघे १० टक्के. समजा, पहाटे ऊन नाही, साधा पारा आणि काळा गोळा दोन्ही २५ अंशांवर आहेत. एप्रिलच्या कोरड्या माणदेशात ओला पारा १५ असेल तर निर्देशांक १८ येतो. ऑगस्टच्या दमट साताऱ्यात ओला पारा २४ असेल तर तोच २४.३ होतो. मोबाइलवरचे तापमान दोन्हीकडे एकच! ‘आज हवा छान गार आहे’ म्हणून वेग वाढवणारा साठीचा गृहस्थ याच ठिकाणी फसतो.

साठीचाच का? कारण वयाबरोबर तहानेची जाणीव उशिरा होते, कातडीकडे रक्त नेण्याची क्षमता घटते, आणि स्नायू व कातडी या दोघांची मागणी एकाच वेळी पुरवताना हृदयाकडे शिल्लक थोडी उरते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही नाडी दाबून ठेवतात. मनगटावरचे घड्याळ मग भलताच दिलासा देते.

मात्र यावरून ‘म्हातारपणी हे चाळे कशाला’ म्हणणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. तीही दंतकथाच आहे, फक्त भित्री. १९८८ साली पॅन्डॉल्फ आणि सहकाऱ्यांनी सारख्या तंदुरुस्तीचे तरुण व मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा कोरड्या उष्म्याशी जुळवून घेण्यात मध्यमवयीन मागे पडले नाहीत. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ साली ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत मॅरेथॉन धावले. दफनभूमीत तासन्‌तास फेऱ्या मारणे हा त्यांचा सराव होता. वय अडवत नाही. तयारी नसलेले वय अडवते.

पाण्याबाबतची मर्दुमकीही एकदा निकालात काढावी. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकमध्ये आयोजक जेम्स सलिव्हन यांनी मुद्दाम पाणी तोडले. सुमारे ३२ अंशांच्या उष्म्यात, धुळीच्या रस्त्यावर ३२ जण धावले आणि १४ जण पोहोचले. पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेले आढळले, आणि त्याचे मुख्य कारण अतिरिक्त पाणी पिणे हे होते. धावण्याआधी आणि नंतर वजन करावे. घटलेले वजन म्हणजे गेलेले पाणी. वाढलेले वजन म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेले.

२०१२ पासून साताऱ्याची डोंगरी शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात होत आली आहे. दहिवडी किंवा जतहून तिला येणाऱ्या साठीतल्या धावपटूला मावळ्याच्या चित्राचा उपयोग नाही. त्याला हवेत शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे दमट हवेतले संथ सकाळचे धावणे, गोळ्यांविषयी डॉक्टरांशी झालेले बोलणे, आणि घाटाच्या पायथ्याशी ठळक अक्षरांत लिहिलेला त्या पहाटेचा ओल्या पाऱ्याचा आकडा. तो आकडा चढा असेल तर घाट चालत चढण्याची मुभा त्याने स्वतःला द्यावी, आणि घरी बसून त्याची वेळ विचारणाऱ्या चिरंजीवांनी ती मान्य करावी.