विश्लेषण : खासगी गोल्फ मैदानावर पहिली फेरी… भीती खेळाची की फाटकाची?

ऑगस्ट २०२१ मधली ती शनिवारची सकाळ आठवते? टोक्यो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. ‘बर्डी’ आणि ‘बोगी’ हे शब्द कधी न ऐकलेल्या घरांतही त्या दिवशी गोल्फ पाहिला गेला. त्यानंतर ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन चेंडू मारू लागलेल्यांपैकी मीही एक. पण एका सदस्य मित्राने ‘रविवारी आमच्या क्लबवर ये, १८ होल खेळू’ म्हटले, तेव्हा आनंदाआधी पोटात गोळाच आला.

निमंत्रणाशिवाय खेळता येते का?

बहुतेक खासगी क्लबांत नाही. सदस्याचा पाहुणा म्हणूनच जावे लागते. ग्रीन फी आणि कॅडीचे पैसे कोणी, कुठे द्यायचे, हे यजमानाला आदल्या दिवशीच विचारावे. त्यात कमीपणा नाही. काही क्लब हँडिकॅपही विचारतात. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत ती कमाल ५४ पर्यंत असू शकते, म्हणजे सर्वसाधारणपणे प्रत्येक होलमागे तीन जादा फटके. नवख्याला या खेळात अधिकृत जागा आहे, हे यातून लक्षात घ्यावे.

तयारी काय करावी?

कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट आणि मऊ खिळ्यांचे किंवा सपाट तळाचे बूट. जीन्स बहुतेक ठिकाणी चालत नाही. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. नवख्याला सात-आठ पुरतात. चेंडू मात्र भरपूर घ्यावेत. वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. १८ होलना चार-साडेचार तास लागतात, तेव्हा पाणी आणि टोपी विसरू नये.

नवख्याचे नेमके कुठे चुकते?

माझा पहिलाच फटका झाडीत गेला. मी शोधत राहिलो आणि मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा. नियमानुसार चेंडू शोधायला फक्त तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच होती. फटका ४० सेकंदांत मारावा, अशीही नियमांची शिफारस आहे. मैत्रीपूर्ण फेरीत फटके फारच वाढले तर चेंडू उचलून पुढे चालावे. वाईट खेळणाऱ्यावर कोणी चिडत नाही, रेंगाळणाऱ्यावर चिडतात.

बाकी पथ्ये साधी आहेत. दुसरा फटका मारत असताना हलू-बोलू नये. ग्रीनवर त्याच्या चेंडूपासून होलपर्यंतच्या वाटेवर पाय देऊ नये. बंकरमधून निघताना वाळू सारखी करावी, उखडलेले गवत जागेवर बसवावे. चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर ‘फोर!’ म्हणून जोरात ओरडावे. थोडक्यात, मागून येणाऱ्याला मैदान जसेच्या तसे मिळावे.

हे सारे शिकवते कोण?

मला क्लबच्या फलकाने नव्हे, कॅडीने शिकवले. ‘साहेब, इथून मोठा नको, छोटा मारा,’ असे म्हणत त्याने मला १८ होल पार करून दिले. त्या हिरवळीचा प्रत्येक उतार त्याला पाठ. पण स्वतः खेळायला मिळते ते फक्त सोमवारी, मैदान बंद असताना. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. असा विजय मिळवणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू. गुणवत्ता फाटकाच्या कोणत्या बाजूला असते, याचे हे उत्तर आहे.

मग क्लबांनी काय करावे?

‘खासगी संस्था आहे, दार कोणाला उघडायचे ते आम्ही ठरवू’ हा युक्तिवाद कायद्याने चुकीचा नाही. सदस्य वर्गणी भरतात, हिरवळ राखायला खर्च येतो. पण गोल्फची पंढरी मानले जाणारे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे. तिथे बाहेरच्या खेळाडूंनाही शुल्क भरून खेळण्यासाठी नाव नोंदवता येते. रविवारी तर एरवी तिथे गोल्फ बंद असतो आणि गावकरी फिरायला येतात. त्याने त्या मैदानाची प्रतिष्ठा तसूभरही घटलेली नाही.

आपल्या क्लबांनी सगळे फाटक उघडावे, असे नाही. आठवड्यातली एखादी सुस्त दुपार बाहेरच्या नवशिक्यांसाठी ठेवावी. कॅडींच्या मुलांना सरावाची वेळ द्यावी. आणि मैदानाची पथ्ये मराठीत एका पानावर छापून पाहुण्याच्या हाती द्यावीत. नियम माहीत नसलेल्याला हसण्यापेक्षा ते सांगणे स्वस्त आहे.

त्या दिवशी माझे १३१ फटके झाले. कोणी हसले नाही, कारण आम्ही कोणाला थांबवून ठेवले नाही. फाटकाबाहेर पडताना कळले, खेळाची भीती पहिल्या तीन होलमध्येच गेली होती. फाटकाची भीती घालवणे मात्र एकट्या पाहुण्याच्या हातात नाही.